पाळीव कोंबडीची प्रकृती आणि मनःस्थिती कशी ओळखावी : पाहणीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सोलापुरात घरामागच्या मोकळ्या जागेत, गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडच्या आडोशाला चार-सहा कोंबड्या पाळणारी माणसे एकत्र आली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "काल संध्याकाळपर्यंत चांगली होती, सकाळी खुराड्यात मेलेली सापडली." उन्हाचा तडाखा आणि काही थोडे साथीचे रोग सोडले, तर कोंबडी एका रात्रीत क्वचितच मरते. ती बहुधा तीन-चार दिवस आधीपासून आजारी असते. मात्र अशक्त दिसणारा पक्षी घारीच्या, मुंगसाच्या आणि आपल्याच कळपातल्या चोचींच्या तडाख्यात सर्वांत आधी सापडतो, म्हणून ती आपले दुखणे जमेल तितके दिवस लपवून ठेवते. तिने लपवलेले आपल्याला दिसावे, यासाठी पाहण्याला क्रम लागतो.

माझ्याकडे एक गावरान तलंग (अंडी घालण्याच्या वयाला आलेली तरुण कोंबडी) होती, जी दाणे हातातून टिपायची पण अंगाला हात लागू द्यायची नाही. एके दिवशी ती निमूटपणे हातात आली, मांडीवर बसून राहिली, आणि ती माणसाळली म्हणून घरातल्या सगळ्यांना आनंद झाला. पाचव्या दिवशी ती गेली. उचलली तेव्हा तिच्या छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत होते. आठवडाभर आधी मी एकदा जरी छाती चाचपली असती, तरी ते कळले असते.

या कामात चुका दोन बाजूंनी होतात. काही जण आजाराला स्वभाव समजतात, तर काही जण खुडूक बसणे (अंडी उबवण्यासाठी ठाण मांडणे), पिसे गाळणे, उन्हात पसरणे अशा नैसर्गिक गोष्टींना आजार समजून औषधे पाजतात. दोन्हींवर उपाय एकच : आधी निरोगी कोंबडी नीट ओळखायला शिकावे, आणि पाहणी नेहमी त्याच क्रमाने करावी.

तयारी : पाहणी सुरू करण्यापूर्वी

पुढील वस्तू एका ठिकाणी ठेवाव्यात : एक वही, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, कोंबडी मावेल अशी कापडी पिशवी किंवा डालगे, मंद उजेडाची विजेरी, जुना मऊ टॉवेल, आणि मुख्य खुराड्यापासून दूर ठेवता येईल असा हवेशीर रिकामा पिंजरा. हा पिंजरा आजारपण आल्यावर शोधायला निघू नये. एका कोंबडीला शिंक येते तेव्हा पिंजऱ्याची शोधाशोध सुरू होते आणि तोवर सगळ्या एकाच भांड्यातले पाणी प्यायलेल्या असतात.

प्रत्येक कोंबडीसाठी वहीत एक पान ठेवावे. सारख्या रंगाच्या असतील तर पायात वेगवेगळ्या रंगांच्या सैल कड्या घालाव्यात. कडी आणि पाय यांमध्ये हालचालीला जागा हवी, आणि वाढत्या पिलांच्या कड्या वरचेवर बदलाव्यात, नाहीतर त्या मांसात रुततात. पहिले दोन आठवडे काहीही निदान करायचे नाही, फक्त लिहायचे : ही दाण्याला कितवी येते, दांडीवर कोणाशेजारी बसते, अंडे साधारण किती वाजता घालते, तिच्या तुऱ्याचा रंग कोणता, सकाळी उपाशीपोटी वजन किती. वजन दर आठवड्याला त्याच वारी आणि दाणे टाकण्यापूर्वी घ्यावे, कारण गळ्याखालच्या भरलेल्या अन्नपिशवीमुळे काट्यावर बराच फरक पडतो.

या नोंदींना मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण कोंबडीच्या बाबतीत "साधारण" असे फारसे काही नसते. दाण्याला नेहमी शेवटी येणारी कोंबडी आज शेवटी आली तर त्यात काही विशेष नाही. पण नेहमी पहिली येणारी आज तिसरी आली, तर तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवायला हवे.

सावधान : कडकनाथ पाळणाऱ्यांनी तुऱ्याच्या रंगावरून निष्कर्ष काढू नये. त्या जातीचा तुरा, कातडी आणि चोच मुळातच काळसर असते. "तुरा निळा-काळा पडला" हे गावरान किंवा गिरिराज कोंबडीत धोक्याचे लक्षण असले, तरी कडकनाथमध्ये डोळे, उभे राहण्याची ढब आणि वजन यांवरच भिस्त ठेवावी लागते.

टप्पा १ : उजाडताना, दुरूनच पाहणे

खुराडे उघडून चार-पाच पावले मागे व्हावे आणि पाच मिनिटे हलू नये. बहुतेकांची चूक इथेच होते : ते थेट कोंबडीजवळ जातात, आणि माणूस जवळ येताच आजारी कोंबडीही मान ताठ करून तरतरीत उभी राहते. तो तिचा भीतीचा पवित्रा असतो. आपल्याला मात्र ती ठणठणीत वाटते. दूर उभे राहिले की मिनिटाभरात तिचा आव गळून पडतो आणि खरी अवस्था दिसते.

निरोगी कोंबडी उड्या मारत बाहेर येते, पंख झाडते, एक पाय आणि त्याच बाजूचा पंख मागे ताणते, लगेच माती उकरू लागते किंवा पाण्याकडे जाते. तिची शेपटी वर असते, मान सतत हलत असते, डोळे गोल आणि पूर्ण उघडे असतात. आजारी कोंबडी उशिरा बाहेर येते किंवा दांडीवरच बसून राहते. मान अंगात ओढलेली, पिसे फुगवलेली, शेपटी खाली, डोळे अर्धे मिटलेले अशी तिची ठेवण असते. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे फुगलेली पिसे थंडीमुळेही असू शकतात. ऊन अंगावर आल्यावर अर्ध्या तासात ती सपाट झाली तर चिंता नको. एप्रिलच्या सकाळी मात्र अंग फुगवून बसलेली कोंबडी आजारी आहे असेच धरून चालावे.

श्वासाकडेही याच वेळी पाहावे, कारण सकाळच्या गारव्यात चोच उघडी टाकून श्वास घेण्याचे कोंबडीला काही कारण नसते. प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खाली-वर होत असेल, तर तिला श्वास घ्यायला कष्ट पडत आहेत.

पडताळा : मूठभर ज्वारी टाकावी. जी धावत येते, दाणा उचलते आणि गिळते ती ठीक आहे. जी धावत येते, दाणा चोचीत धरते आणि खाली टाकते, तिची नोंद करावी. खाण्याचे नुसते नाटक करणारी कोंबडी हे आजाराचे फार लवकर दिसणारे लक्षण आहे, आणि घाईत ते सहज नजरेतून सुटते.

टप्पा २ : आवाज ऐकणे

मनःस्थिती कळण्याचा सर्वांत सोपा मार्ग कान हा आहे. चरताना होणारी हलकी, तुटक कुजबुज म्हणजे सगळे ठीक आहे. धुळीत लोळताना किंवा संध्याकाळी दांडीवर बसल्यावर घशातून येणारी लांबट, कंप पावणारी घरघर समाधानाची असते. तिला छातीतला आजार समजू नये. अंडे घातल्यावरचा मोठा कलकलाट सर्वांच्या ओळखीचा आहे. अंडे घालण्यापूर्वी जागा मनासारखी मिळाली नाही तर कोंबडी लांबवर ओढलेला, कण्हल्यासारखा आवाज काढत येरझाऱ्या घालते. त्या वेळी औषध न शोधता अंडी घालण्याच्या पेटीत दुसरी कोणी बसली आहे का, मुंग्या झाल्या आहेत का, एवढे पाहावे.

धोक्याच्या हाका दोन वेगळ्या असतात. आकाशात घार दिसली की एकच लांब, बारीक, तीक्ष्ण आवाज येतो आणि सगळ्या जागच्या जागी गोठतात किंवा आडोशाला पळतात. मांजर, कुत्रा किंवा मुंगूस जमिनीवरून आले तर टकटक करत चढत जाणारा, पुन्हा पुन्हा होणारा गलका सुरू होतो आणि माना ताठ होतात. हा फरक कानाला कळू लागला की बाहेर येताना वर पाहायचे की भिंतीच्या कडेला, हे आधीच ठरते. कोंबडा खाऊ सापडल्यावर दाणा उचलत-टाकत भराभर "कुक्-कुक्" करतो, ती कोंबड्यांना बोलावण्याची हाक आहे. त्याच्या चोचीला काही झाले आहे असे समजून त्याला धरण्याची गरज नाही.

आजाराचे आवाज ऐकण्यासाठी उत्तम वेळ रात्रीची. सगळ्या दांडीवर बसल्यावर, वाहतूक कमी झाली की उजेड न लावता खुराड्याला कान द्यावा. ओलसर बुडबुड, शिट्टीसारखा श्वास किंवा वरचेवर शिंका ऐकू आल्या तर कोणत्या कोपऱ्यातून येतात ते ओळखावे. खाली अंथरलेल्या तुसाची किंवा टरफलांची धूळ उडाल्यावर आलेली एखादी शिंक वेगळी. शिंकांबरोबर डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, चेहऱ्यावर सूज किंवा नाकपुडीशी ओल असेल, तर तो श्वसनाचा संसर्ग आहे आणि ती कोंबडी त्याच रात्री वेगळी करावी.

टप्पा ३ : विष्ठा पाहणे

किळस न करता रोज सकाळी दांडीखालची विष्ठा पाहावी. दांडीखाली शहाबादी फरशी किंवा जुने वर्तमानपत्र असले की काम सोपे होते, आणि कोण कुठे बसते हे वहीत लिहिलेले असल्यामुळे कोणती विष्ठा कोणाची, हेही कळते.

निरोगी विष्ठा घट्टसर, तपकिरी-करडी असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी. तिला "पांढरी हगवण" समजून औषध देणारे लोक मी पाहिले आहेत. दर आठ-दहा वेळांत एकदा चिकट, चॉकलेटी, अतिशय दुर्गंधी विष्ठा पडते. ती आंधळ्या आतड्यातून येते आणि ती येणे चांगल्या पचनाची खूण आहे. कडक उन्हाळ्यात कोंबडी खूप पाणी पिते म्हणून विष्ठा पातळ होते. कोंबडी तरतरीत असेल तर तेही स्वाभाविक आहे.

खरी काळजी तीन प्रकारच्या विष्ठेची करावी. पहिली, रक्तमिश्रित विष्ठा, विशेषतः तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांमध्ये आणि पावसाळ्यात तूस ओले झाल्यावर : ही बहुधा रक्ती हगवण असते, आणि पिले दोन-तीन दिवसांत दगावू शकतात, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. दुसरी, गर्द हिरवी, पाण्यासारखी विष्ठा : मेथी किंवा कोथिंबिरीच्या काड्या खाल्ल्या नसतील, तर कोंबडीच्या पोटात काही जात नाही आणि नुसते पित्त बाहेर पडते आहे, किंवा मानमोडीसारखा (राणीखेत) गंभीर रोग सुरू झाला आहे. तिसरी, गुदद्वाराभोवतीच्या पिसांना चिकटून वाळलेली विष्ठा; निरोगी कोंबडीची मागची पिसे स्वच्छ आणि मऊ असतात.

टप्पा ४ : हातात घेऊन तपासणी

आठवड्यातून एकदा, रात्री दांडीवरून उतरवून, मंद उजेडात तपासावे. अंधारात कोंबडी शांत असते. दिवसा पाठलाग करून पकडली तर धाप, फडफड आणि भीती यांत खरी लक्षणे बुडून जातात. एक तळहात छातीखाली घालून पाय बोटांमध्ये धरावेत आणि दुसऱ्या हाताने पंख अंगाला लावून घ्यावेत.

सावधान : छाती आवळू नये आणि उताणी फार वेळ धरू नये. कोंबडीला माणसासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) नसते. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच तिचा श्वास चालतो. लहान मुले प्रेमाने घट्ट मिठी मारतात तेव्हा हे त्यांना आवर्जून सांगावे.

तपासणी डोक्याकडून पायाकडे करावी. तुरा लालभडक असेल तर ती अंड्यावर आहे, म्हणजे अंडी घालते आहे. फिकट तुरा म्हणजे खुडूक, पिसे गाळण्याचा काळ किंवा रक्त कमी होणे; टोकांशी जांभळा तुरा म्हणजे रक्ताभिसरणाचा किंवा श्वासाचा त्रास. तुऱ्यावर चामखिळीसारखे फोड आले आणि त्यांच्या काळ्या खपल्या झाल्या तर देवी रोगाचा संशय घ्यावा. तो डासांमुळे पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसतो. चोच हलकेच उघडून आत पाहावे. पिवळट थर किंवा आंबूस वास नसावा.

त्यानंतर गळ्याच्या तळाशी, उजव्या बाजूला असलेली अन्नपिशवी चाचपावी. ती रात्री भरलेली आणि सकाळी दाणे टाकण्यापूर्वी रिकामी असली पाहिजे. रात्रीही रिकामी असेल तर कोंबडीने दिवसभर काही खाल्लेले नाही, मग ती दाण्याभोवती कितीही घुटमळलेली असो. सकाळी कणकेच्या घट्ट गोळ्यासारखी लागली तर लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिक अडकलेले असू शकते. पाण्याच्या फुग्यासारखी डचमळली आणि तोंडाला आंबलेला वास आला तर आत अन्न कुजते आहे. संशय आल्यास रात्री आणि लगेच पुढच्या सकाळी, अशी दोनदा तपासणी करावी. एकदाच पाहून काही कळत नाही.

सावधान : अन्नपिशवी रिकामी करण्यासाठी कोंबडीला उलटे धरून पिळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पिशवीतले पाणी श्वासनलिकेत जाऊन कोंबडी हातातच मरू शकते.

छातीचे मधले हाड प्रत्येक वेळी चाचपावे. त्याच्या दोन्ही बाजूंना मांस हवे. गावरान कोंबडी अंगाने सडपातळ असते, म्हणून तिची तुलना ब्रॉयलरशी न करता तिच्याच मागच्या नोंदीशी करावी. पिसांमुळे वजनातली घट डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते. वजन दहावा भाग किंवा त्याहून जास्त उतरले असेल तर कारण शोधल्याशिवाय राहू नये.

गुदद्वाराजवळची पिसे बाजूला करून उवा आणि पिसांच्या मुळाशी चिकटलेले पांढरट अंड्यांचे पुंजके पाहावेत. रक्त पिणारे लाल किडे आणि गोचिडे मात्र दिवसा कोंबडीच्या अंगावर सहसा सापडत नाहीत; ते दांडीच्या फटीत, लाकडाच्या सांध्यात, भिंतीच्या भेगांत दडतात आणि रात्री चढतात. म्हणून विजेरीने दांडीची खालची बाजूही पाहावी. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला कां-कूं करत असतील, तर त्यांचा "हट्टीपणा" मोडण्याआधी हे तपासावे. शेवटी तळपाय : तळव्यावर काळी, टणक खपली आणि सूज असेल तर आत गळू आहे, पायावरची खवले उचललेली आणि चुन्यासारखी खरखरीत दिसत असतील तर तो किड्यांचा प्रकार आहे.

तपासणीनंतर साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. कोंबडीचा मुका घेणे आणि स्वयंपाकघरात तिला फिरू देणे टाळावे.

टप्पा ५ : मनःस्थिती की आजार, हे वेगळे करणे

खुडूक. कोंबडी पेटीतून हलत नाही, पिसे फुगवते, हात नेला की गुरगुरते आणि चोच मारते, छातीची पिसे उपटते, दिवसातून एकदाच बाहेर येऊन मोठी, अतिशय दुर्गंधी विष्ठा टाकते. परीक्षा सोपी आहे : तिला उचलून अंगणात ठेवावे. खुडूक कोंबडी फुगून, गुरगुरत, रागाने फिरते, घाईने दाणे-पाणी घेते आणि परत पेटीकडे पळते. आजारी कोंबडी ठेवली तिथेच मान आत घेऊन बसते. उबवायची नसेल तर खाली जाळी असलेल्या, उजेडाच्या आणि हवेशीर पिंजऱ्यात दाणे-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवावे. तिला पाण्यात बुडवणे किंवा नाकपुडीत पीस खुपसणे हे प्रकार क्रूर आहेत. ते करू नयेत. उबवायला बसवलेली असेल तर २१ दिवस तिच्या वजनावर लक्ष ठेवावे, आणि उन्हाळ्यात पाण्याचे भांडे पेटीच्या अगदी जवळ ठेवावे.

पिसे गाळणे. पूर्ण वाढलेली कोंबडी वर्षातून साधारण एकदा, बहुधा दिवस लहान होऊ लागल्यावर, पिसे बदलते. दोन-तीन महिने अंडी थांबतात, तुरा फिकट होतो, ती एकटी राहते आणि अंगाला हात लावू देत नाही, कारण उगवणारी कोवळी पिसे दुखतात. नव्या पिसांच्या काड्या दिसत असतील तर निर्धास्त राहावे आणि आहारातली प्रथिने थोडी वाढवावीत. काड्या न दिसता नुसती उघडी कातडी दिसत असेल, तर उवा, किडे किंवा दुसऱ्या कोंबडीच्या चोची, यांपैकी कारण शोधावे.

धुळीत आणि उन्हात पडणे. एका कुशीवर पाय ताणून, पंख पसरून, डोळे मिटून पडलेली कोंबडी पाहून नवे पाळणारे घाबरतात. हळू आवाज द्यावा; ती मान उचलून पाहील.

अंड्याची सुट्टी. एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, म्हणून वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मध्ये एक दिवस कोरा जातो. हा दोष नाही. मात्र कोंबडी शेपटी खाली करून, अंग उभे धरून, बदकासारखी चालत असेल, वारंवार पेटीत जाऊन जोर करत असेल आणि अंडे येत नसेल, तर अंडे अडकलेले आहे. तिला उबदार, शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे, पोटाखालचा भाग वीस मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, पोट दाबू नये, आणि काही तासांत अंडे आले नाही तर पशुवैद्यक गाठावा.

भीती. दिवाळीच्या रात्री आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या संध्याकाळी शहरातल्या कोंबड्या दांडीवरून खाली पडतात, एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि गुदमरतात. अंधार पडण्याआधी खुराड्याच्या दोन बाजूंना गोणपाट सोडावे, वाऱ्यासाठी वरची जाळी मोकळी ठेवावी. पुढचे दोन-तीन दिवस कवच पातळ असलेले किंवा बिनकवचाचे अंडे आले तर ते भीतीमुळे असू शकते. आठवडाभर तसेच चालले तर शिंपल्यांचा चुरा पुरेसा मिळतो का ते पाहावे.

टप्पा ६ : सोलापूरचा उन्हाळा

मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पाहणीचे वेळापत्रक बदलावे लागते, कारण पारा ४० अंशांच्या वर गेल्यावर दुपारी पत्र्याखालची हवा त्याहून तापलेली असते आणि कोंबडीचे स्वतःचे तापमान ४१ ते ४२ अंश असते. तिला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते, तेवढेच तिचे साधन. सतत धापेमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंड्याचे कवच पातळ पडते. मे महिन्यातल्या पातळ कवचाचे खापर नुसते खाद्यावर फोडू नये.

पायऱ्या ओळखाव्यात. पंख दूर धरून सावलीत उभी, चोच किंचित उघडी : गरम होते आहे, पण ती सांभाळते आहे. जोरात धापा, पाण्यापाशी बसून राहणे, दाण्याकडे पाठ : लगेच हस्तक्षेप हवा. धाप चालू असताना मान लुळी पडणे, पाय लटपटणे, तुरा जांभळा होणे : मिनिटांचा प्रश्न आहे. अशा कोंबडीला सावलीत नेऊन पाय, तुरा आणि पंखांखालचा भाग साध्या पाण्याने भिजवावा, वारा घालावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. त्या धक्क्याने ती दगावू शकते.

रोजची व्यवस्था अशी : पत्र्यावर कडबा किंवा ओले गोणपाट, सावलीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी, आणि एकाऐवजी दोन-तीन भांडी, कारण दबलेल्या कोंबडीला वरचढ कोंबडी पाण्याजवळ येऊ देत नाही. अंड्यावरची कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावेत. पचनाने अंगात उष्णता वाढते, म्हणून भर दुपारी भरपेट खाद्य नको. दुपारी एक ते चार या वेळात घरी कोणी नसेल, तर शेजाऱ्यांना एक फेरी मारायला सांगावे. आमच्या भागात उन्हाने गेलेल्या कोंबड्यांपैकी बहुतेक त्याच तीन तासांत गेल्या.

उरलेले अन्न देतानाही विचार करावा. शेंगाचटणीतले तिखट कोंबडीला जाणवत नाही, परंतु मीठ तिला बाधते, आणि उन्हाळ्यात अधिकच. पावसाळ्यात बुरशी लागलेली ज्वारी, भाकरीचे शिळे तुकडे किंवा जुनाट वास येणारी शेंगदाणा पेंड कधीही देऊ नये. त्या बुरशीचे विष यकृतावर जाते आणि कोंबड्या हळूहळू खंगतात.

टप्पा ७ : संशय आल्यानंतरचे पहिले चोवीस तास

१. सर्वांत आधी कोंबडी वेगळी करावी. निदान नंतर.

२. उबेची गरज ऋतू पाहून ठरवावी. हिवाळ्यात आजारी कोंबडीला आडोसा आणि ऊब हवी. एप्रिल-मे महिन्यांत तीच ऊब तिला मारू शकते.

३. पाणी समोर ठेवावे. पीत नसेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा आणि तिला स्वतः गिळू द्यावे. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, म्हणून पिचकारीने घशात पाणी ओतू नये.

४. पिंजऱ्यात कागद अंथरून विष्ठेची संख्या व रंग, खाल्लेले दाणे, सकाळचे वजन लिहावे.

५. इतर कोंबड्यांचे दाणेपाणी आधी करावे, आजारी कोंबडीचे शेवटी, आणि मग हात-चप्पल धुवावी.

६. वही आणि विष्ठेचा ताजा नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. कोंबडीला नेणे शक्य नसेल तर १९६२ या शासकीय पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर विचारणा करता येते.

या यादीत औषध नाही, ते मुद्दाम. दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पुडी अंदाजाने पाण्यात टाकली की तीन गोष्टी बिघडतात : लक्षणे झाकली जातात, मात्रा चुकते, आणि औषधाचा अंश अंड्यांतून घरातल्यांच्या पोटात जातो. पशुवैद्यकाने औषध दिले तर अंडी किती दिवस खाऊ नयेत, हे विचारल्याशिवाय परतू नये.

सावधान : मान वाकडी होणे, पाय-पंख लुळे पडणे, हिरवी हगवण आणि धाप ही लक्षणे एकत्र दिसली तर मानमोडीचा संशय धरावा. त्यावर उपचार नाही, लस आहे : पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा, आणि साधारण आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या, डोकी सुजली, तुरे निळे पडले, तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता, त्यांना नाल्यात किंवा कचऱ्यात न टाकता, ताबडतोब पशुसंवर्धन विभागाला कळवावे. बर्ड फ्लूची शंका लपवली तर सगळ्या परिसरातल्या कोंबड्या आणि माणसे धोक्यात येतात.

टप्पा ८ : बऱ्या झालेल्या कोंबडीला कळपात परत नेणे

आठवडाभर वेगळी राहिलेली कोंबडी परत आली की बाकीच्या तिला परकी समजतात, कारण तिच्या गैरहजेरीत चोचीचा क्रम, म्हणजे कोणी कोणाला दाबायचे हे, नव्याने लागलेला असतो. लक्षणे जाऊन, वजन स्थिर होऊन काही दिवस गेल्यावरच तिचा पिंजरा कळपाजवळ, जाळीआड ठेवावा, म्हणजे त्या तीन-चार दिवस एकमेकींना पाहतील पण चोच मारू शकणार नाहीत. त्यानंतर संध्याकाळी, सगळ्या दांडीवर बसल्यावर, तिला तिच्या जुन्या जागेशेजारी ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाणे दोन-तीन ठिकाणी विखरून टाकावेत. दोन-चार चोची आणि एखादा पाठलाग होणारच. त्यात पडू नये. रक्त आले, किंवा ती दिवसभर दाण्यापाण्याकडे फिरकू शकली नाही, तर तिला पुन्हा जाळीआड न्यावे, किंवा त्याऐवजी सर्वांत जास्त चोच मारणारी कोंबडी दोन दिवस वेगळी ठेवून पाहावे.

बाजारातून आणलेल्या नव्या कोंबडीसाठी हाच क्रम, फक्त जाळीआड आणण्यापूर्वी तिला तीन ते चार आठवडे पूर्णपणे दूर ठेवावे आणि तिचे पान वहीत पहिल्याच दिवशी उघडावे.